ब्लेंडर: नवशिक्यांचा चेंडू फुग्यासारखा पडतो, इथून ढोलवादकापर्यंत कसं न्यायचं?

रविवारचा_वर्ग

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्यावरच्या एका वाचनालयाच्या खोलीत मी काही मुलामुलींना ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर) दाखवते. वयं पंधरा ते वीस, सगळे नवे. निम्मे ढोल पथकात, त्यामुळे काय करायचं ते ठरलेलंच आहे: गणपतीच्या आत दहा सेकंदांचा एक ढोलवादक, पथकाच्या आवाजावर. मॉडेलिंगमध्ये कुणाला फारसा रस नाही, हलवायचं आहे.

लॅपटॉप सेकंडहँड, ८ जीबी रॅमचे, नंबरपॅड नसलेले, बऱ्याच जणांच्या बॅटऱ्या गेलेल्या. काहींवर ब्लेंडरची ४.२ आवृत्ती चालते, काहींवर उघडतच नाही म्हणून ३.६ टाकलंय.

अडतंय ते असं. सगळ्यांचा उसळता चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो, फुगा वाटतो. ट्यूटोरियलमध्ये सांगितल्याप्रमाणे कीफ्रेम टाकायला 'आय' दाबलं की एकाकडे यादी उघडते, दुसऱ्याकडे काहीच दिसत नाही. एकीनं थेट एमपीफोरमध्ये रेंडर (अंतिम चित्रं बनवणं) लावलं, मधेच लाईट गेली, आता फाइल उघडत नाही. आणि चेंडू जमल्यावर थेट ढोलवादक घ्यावा की मधे काही हवं?

वक्ररेषा

ताई, आधी चेंडूचं बघू, कारण तो सुटला तर पुढचं अर्धं सुटेल.

की (कीफ्रेम, म्हणजे एखाद्या फ्रेमला वस्तू कुठे, कशी आहे त्याची नोंद) टाकली की ब्लेंडर दोन कींच्या मधे बेझिअर (गुळगुळीत) वक्र काढतं आणि हँडल (वक्राचा कल ठरवणारे दांडे) ऑटो क्लॅम्प्ड ठेवतं. म्हणजे वक्र जिथे वळतो, अगदी वर आणि अगदी खाली, तिथे तो आडवा होतो. आडवा वक्र म्हणजे वेग शून्य. वरच्या टोकाला तो शून्य हवाच. पण जमिनीला टेकताना चेंडू सगळ्यात जोरात असतो, आणि नेमका तिथेच तो थांबत थांबत येतो. फुगा दिसतो तो याच्यामुळे.

वक्राला हात लावण्याआधी वेळ पक्की करा. नव्या यूव्ही स्फिअरची त्रिज्या १ मीटर असते, म्हणजे चेंडू माणसापेक्षा उंच. तयार करतानाच डाव्या खालच्या पट्टीत त्रिज्या ०.२ करा. आता २ मीटरवरून पडायला ०.६४ सेकंद लागतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं १५ फ्रेम. मुलं इथे सर्रास ३०-४० फ्रेम देतात. रबरी चेंडू प्रत्येक उसळीत ६० टक्के उंची राखतो असं धरा (टेनिसच्या चेंडूला ५५). वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, म्हणजे आधीच्या उसळीच्या साधारण ७७ टक्के. त्यावरून झेडच्या (उंचीच्या) कीफ्रेम, मीटरमध्ये, अशा येतात: फ्रेम १ ला २.२, १६ ला ०.२, २८ ला १.४, ४० ला ०.२, ४९ ला ०.९२, ५८ ला ०.२, ६५ ला ०.६३, ७२ ला ०.२. जमिनीवर ०.२ का, तर मोजमाप चेंडूच्या मध्याचं असतं. हे न सांगितल्यास निम्मे चेंडू जमिनीत रुतलेले दिसतील.

मग ग्राफ एडिटर, म्हणजे हे वक्र दिसतात ती खिडकी. झेडच्या सगळ्या की निवडून 'टी', क्वाड्रॅटिक. फक्त वरच्या की निवडून कंट्रोल+ई, ईझ इन. फक्त जमिनीवरच्या निवडून कंट्रोल+ई, ईझ आउट. इंटरपोलेशन त्या कीपासून पुढच्या कीपर्यंत चालतं, म्हणून वरची की पडणं ठरवते आणि खालची की उसळणं. उलट लावलं तर चेंडू वरच्या टोकाला टोचल्यासारखा वळतो, लगेच कळेल. क्वाड्रॅटिक म्हणजे गुरुत्वाकर्षणाचाच पॅराबोला, त्यामुळे हे अंदाजपंचे काम नाही.

बरेच जण जमिनीवरच्या कीला 'व्ही' दाबून व्हेक्टर हँडल द्यायला सांगतात. त्यानं टोक धारदार होतं, पण टेकतानाचा वेग हवा त्याच्या निम्माच मिळतो. हातानं करायचंच असेल तर फ्री हँडल घ्या आणि त्याचं टोक पुढच्या कीपर्यंतच्या वेळेच्या एक तृतीयांशावर, उंचीच्या मात्र दोन तृतीयांशावर ठेवा. मागच्या बाजूलाही तसंच.

पुढे सरकवताना घोळ होतो तो वेगळाच. लोकेशनची की टाकली की एक्स, वाय, झेड तिन्हींवर पडते. मग एक्सच्या वक्रातही प्रत्येक टप्प्याला की येते आणि चेंडू अडखळत पुढे जातो. एक्सवर पहिली आणि शेवटची अशा दोनच की ठेवा, मधल्या पुसा, आणि त्या दोघींना 'टी' दाबून लिनिअर.

दाबणं-ताणणं सगळं जमल्यावर. एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारा नुसता बिंदू) जमिनीच्या पातळीला, चेंडूच्या बरोबर खालच्या टोकाशी ठेवा, चेंडू तिला पेरेंट करा, म्हणजे बांधा. उडी आणि स्केल एम्प्टीला, गिरकी चेंडूला. आता झेडचे आकडे ०.२ नं कमी होतील. स्केल थेट चेंडूला दिलं तर तो मध्याभोवती दबतो आणि खालून जमीन सुटते. झेड ०.८ केला तर एक्स-वाय १.१२, झेड १.२ केला तर ०.९१. घनफळ तेवढंच राहायला हवं, नाहीतर चेंडूतली हवा गेल्यासारखं वाटतं. दाब टेकण्याच्या एकाच फ्रेमला, ताण त्याच्या आधीच्या दोन फ्रेमना, बस.

जुना_लॅपटॉप

'आय' चं कोडं आवृत्तीचं आहे. ४.१ पासून 'आय' दाबलं की यादी न दाखवता लोकेशन, रोटेशन, स्केल तिन्हींच्या की पडतात. यादी 'के' वर गेली. ३.६ मध्ये 'आय' वरच यादी. आणि ४.० पासून विंडोज, लिनक्सवर ओपनजीएल ४.३ लागतं, ३.६ ला ३.३ पुरतं. तापकीर गल्लीच्या बाजारातून चांगली रॅम आणून बसवलीत तरी जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ४.२ उघडणार नाही, तो पैसा वाया. एका मशीनवर जरी ३.६ लागत असेल तर सगळ्यांना ३.६ च द्या. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडताना काय गळेल त्याचा भरवसा नाही, आणि मुलं पेनड्राइव्हवर फायली फिरवणारच.

नंबरपॅड: एडिट > प्रेफरन्सेस > इनपुट > एम्युलेट नंबरपॅड. वरच्या ओळीतले आकडे मग दिशांना लागतात, पण एडिट मोडमध्ये १, २, ३ वर व्हर्टेक्स, एज, फेस निवडणं जातं. ते नको असेल तर एक या आकड्याच्या डावीकडची लहरीची की दाबा, दिशांचा गोल मेनू येतो. टचपॅडवाल्यांना एम्युलेट ३ बटन माउस, मग ऑल्ट धरून ड्रॅग. पण खरं सांगायचं तर साधा चाकवाला माउस घ्या.

एमपीफोर वाचण्याची शक्यता जवळजवळ नाही. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची सूची त्या फाइलच्या शेवटी, रेंडर संपल्यावर लिहिली जाते. लाईट गेली म्हणजे सूचीच नाही. रेंडर नेहमी पीएनजीच्या मालिकेत. आउटपुटचा पत्ता `//रेंडर/ढोल_####` असा द्या. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांमुळे फोल्डर ब्लेंड फाइलशेजारीच बनतो. तो बदलला नाही तर विंडोजवर सगळं सी ड्राइव्हच्या टीएमपी फोल्डरमध्ये जातं आणि मुलं शोधत बसतात. ओव्हरराइटची खूण काढा, म्हणजे पुन्हा कंट्रोल+एफ१२ दाबल्यावर झालेल्या फ्रेम सोडून पुढे जाईल.

प्लेसहोल्डर्स चालू असेल तर एक मेख आहे. ज्या फ्रेमवर लाईट गेली तिची शून्य बाइटची फाइल उरते आणि ब्लेंडर तिला 'झालेली' समजून पुढे जातं. फोल्डर आकारानुसार लावून शून्यवाल्या पुसा, मगच पुन्हा सुरू करा. आणि बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर बुधवारी रात्री रेंडर लावून झोपू नका. गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

व्हिडिओ नंतर सीक्वेन्सरमध्ये जोडा: ॲड > इमेज/सीक्वेन्स, आउटपुट एफएफएमपेग, कंटेनर एमपेग-४, कोडेक एच.२६४. तिथे रेंडर प्रॉपर्टीजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' करायला विसरू नका. पीएनजीत फिल्मिक (४.० पासून एजीएक्स) आधीच उतरलेलं असतं. ते दुसऱ्यांदा लागलं की चित्र धुतल्यासारखं फिकं येतं, आणि मग मुलं लाइटिंग बदलत बसतात.

कागद_पेन्सिल

एवढं सगळं करण्यापेक्षा पेन्सिल२डी किंवा क्रिटा घ्या, ८ जीबीवर आरामात चालतं. हातानं बारा चित्रं काढली की टायमिंग आपोआप कळतं. थ्रीडीत मुलं बटणं शिकतात, ॲनिमेशन नाही.

वक्ररेषा

ज्याला चित्र काढता येतं त्याला. ज्याला येत नाही तो बाराव्या चित्रापर्यंत पोचतच नाही. मात्र एक मान्य: ढोलवादकाच्या चार-पाच मुख्य पोझ आधी कागदावर काड्यांच्या माणसानं काढून घ्याव्यात. त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

रविवारचा_वर्ग

वक्ररेषा, क्वाड्रॅटिकनं चेंडू एकदम सुटले, धन्यवाद. पुढचं विचारते. ढोल कमरेला बांधलेला, त्यामुळे कंबर हलली की ढोल हलतो आणि टिपरू (वाजवायची काडी) पडद्याला लागतच नाही, हवेतच फिरतं. शिवाय ऑटोमॅटिक वेट्स (कुठलं हाड शरीराचा कुठला भाग किती हलवेल ते) देताना दोघांना 'बोन हीट वेटिंग फेल्ड' असं येतंय.

टिपरू_२४

वेट्सचा नाद सोडा. या कामाला त्याची गरज नाही. हात, दंड, मांडी, धड, डोकं असे वेगवेगळे तुकडे करा, सांध्यांशी गोल टोकांचे, आणि कळसूत्री बाहुलीसारखा एकेक तुकडा एकेका हाडाला बांधा: तुकडा निवडा, शिफ्ट धरून आर्मेचर (हाडांचा सांगाडा), पोझ मोडमध्ये ते हाड निवडा, कंट्रोल+पी, 'बोन'. ढोल कमरेच्या हाडाला, टिपरू पंज्याच्या हाडाला. आधी आर्मेचरला ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल+ए, स्केल. ही पायरी चुकली आणि आर्मेचरचं स्केल तिन्ही दिशांना सारखं नसेल, तर हाड वळवल्यावर तुकडा तिरका ओढला जातो. (वेट्स हवेतच असतील तर: एडिट मोडमध्ये सगळं निवडून 'एम', मर्ज बाय डिस्टन्स, मग शिफ्ट+एन, तरीही नाही झालं तर मेश (शरीराचा आकार) आणि आर्मेचर दोन्ही दहापट मोठं करून, स्केल अप्लाय करून पुन्हा. एकावर एक बसलेले बिंदू हे त्या चुकीचं सगळ्यात नेहमीचं कारण.)

टिपरू न लागण्याचं कारण असं की हाताचं आयके टार्गेट (जे हाड हलवलं की अख्खा हात मागोमाग येतो ते) जगाच्या संदर्भात उभं आहे आणि ढोल कमरेच्या. आर्मेचरच्या एडिट मोडमध्ये दोन्ही हातांच्या टार्गेट हाडांचं पेरेंट कंबर करा (बोन प्रॉपर्टीज > रिलेशन्स). मग कंबर कितीही झुलवा, हात ढोलासोबत येतील. पायांची टार्गेट मात्र मोकळीच ठेवा, नाहीतर कमरेबरोबर पाय घसरतील. आयकेची चेन लेंग्थ २, आणि रेस्ट पोझमध्ये कोपर, गुडघा किंचित वाकलेला. सरळ काठीसारखा असेल तर कुठल्या बाजूला वाकायचं ते ब्लेंडरला कळत नाही आणि कोपर मधेच उलटं फिरतं.

ठोक्याचं गणित सोपं आहे: १४४० (२४ फ्रेम गुणिले ६० सेकंद) भागिले मिनिटाचे ठोके. १२० ला १२ फ्रेम. १०० ला १४.४, म्हणजे अधूनमधून एक फ्रेम सरकवावी लागेल. समजा ठोके १, १३, २५ ला आहेत. फ्रेम १ ला टिपरू पडद्यावर. ३ ला सुटून बाहेर आलेलं. ८ ला सगळ्यात लांब. ८ ते १० जवळजवळ थांबलेलं, पण ठार स्थिर नको, थोडं सरकू द्या. १० नंतर तीनच फ्रेममध्ये आत, १३ ला पुन्हा पडद्यावर. नवशिकी मुलं जाणं आणि येणं दोन्हीला सहा-सहा फ्रेम देतात. मग ढोल वाजवण्याऐवजी पुसल्यासारखा दिसतो.

जोर हातात कमी आणि कमरेत-गुडघ्यात जास्त दिसतो. ठोक्याच्या फ्रेमला कंबर २-३ सेंटिमीटर खाली, डोकं त्यानंतर दोन फ्रेमनी. पडद्याला एक शेप की (दबलेल्या आकाराची नोंद), ठोक्याला १, दोन फ्रेमनी ०. मनगट हाताच्या मागे दोन फ्रेम ओढत ठेवलं की टिपऱ्याला लवचीकपणा येतो.

पहिल्या फेरीत सगळ्या की कॉन्स्टंटवर ठेवा म्हणजे पोझ टकाटक बदलतील. तसं बघतानाच टायमिंग पटलं पाहिजे. ते पटल्याशिवाय बेझिअर करू नका. गुळगुळीतपणात चुका लपतात.

चेंडू आणि ढोलवादक यांच्या मधे एकच सराव घ्या: ध्वज. काठीला चार हाडांची साखळी, रोटेशन मोड एक्सवायझेड ऑयलर. चारही हाडं निवडून, पिव्हट इंडिव्हिज्युअल ओरिजिन्स, 'आर' आणि अक्षाचं अक्षर दोनदा (दोनदा दाबलं की लोकल अक्ष), फ्रेम १ ला १५ अंश, १३ ला उणे १५, २५ ला परत १५. ग्राफ एडिटरमध्ये शिफ्ट+ई, मेक सायक्लिक. मग डोपशीटमध्ये (सगळ्या की ओळीनं दिसतात ती खिडकी) दुसऱ्या हाडाच्या की ३ फ्रेम पुढे, तिसऱ्याच्या ६, चौथ्याच्या ९. कापड फडफडायला लागतं, आणि मागचा भाग उशिरा का येतो ते शब्दांशिवाय कळतं. सायक्लिक विसरलात तर शेवटची हाडं सुरुवातीला गोठलेली दिसतील.

नदीपात्र

आवाजाबद्दल कुणी बोललं नाही. नदीपात्रात सरावाला फोनवर केलेलं रेकॉर्डिंग घेणार असाल तर बहुतेक फोनचा व्हिडिओ बदलत्या फ्रेम रेटचा असतो, तो थेट आत घेतला की चित्र आणि आवाज सुटतात. फक्त आवाज वेगळा काढून डब्ल्यूएव्ही करा. संदर्भाला चित्रही हवं असेल तर हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून बदलून घ्या. फोन ढोलाला चिकटवून धरू नका, आवाज फाटतो आणि ठोक्याची सुरुवातच दिसत नाही.

प्रोजेक्टचा फ्रेम रेट आवाज टाकण्याआधी ठरवा. की टाकून झाल्यावर बदललात तर की फ्रेमच्या आकड्यांना चिकटून राहतात आणि आवाज सेकंदांना. टाइमलाइनच्या प्लेबॅक मेनूत सिंक टू ऑडिओ आणि स्क्रबिंग चालू. मग चालू ठेवून प्रत्येक ठोक्याला 'एम' दाबत जा, मार्कर पडतात. पथक घड्याळावर वाजत नाही, त्यामुळे टिपरू_२४ यांचं गणित पहिल्या अंदाजापुरतं. खरे आकडे मार्करचे. डोपशीटमध्ये की निवडून शिफ्ट+एस, निअरेस्ट मार्कर. शेवटी सगळा ठोका एक फ्रेम अलीकडे सरकवून बघा. दिसणं आधी आणि ऐकणं जरा नंतर, हे डोळ्याला खपतं. उलट खपत नाही.

डोपशीट_काका

ताई, शिकवणाऱ्यासाठी दोन गोष्टी. 'सर्व गेलं!' अशी हाक आली की आधी माउस कुठल्या खिडकीवर आहे ते बघा. ब्लेंडरमध्ये शॉर्टकट पॉइंटरखालच्या एडिटरला लागतो. टाइमलाइनवर पॉइंटर असताना 'एक्स' दाबलं की वस्तू नाही, की जातात. वस्तू दिसेनाशी झाली तर ऑल्ट+एच. की दिसेनाशा झाल्या तर वस्तू निवडलेली आहे का ते बघा; 'ओन्ली शो सिलेक्टेड' चालू असतं. खिडक्याच गेल्या तर कंट्रोल+स्पेस चुकून दाबलंय, पुन्हा दाबा. नक्की काय दाबलं हे मुलाला आठवणार नाही, पण एडिट > अनडू हिस्टरीत क्रमानं लिहिलेलं असतं. त्याचा माउस आपल्या हातात घेण्यापेक्षा ती यादी त्यालाच वाचायला लावा.

आणि ॲक्शन, म्हणजे एका हालचालीच्या कींचा संच. एकानं ध्वजाची ॲक्शन केली, तिच्यावरून दुसरी नवी केली, फाइल बंद करून उघडली, की पहिली गायब. कुणी वापरत नसलेली ॲक्शन सेव्ह होत नाही. ॲक्शन एडिटरमध्ये नावाशेजारची ढाल दाबून ठेवा.

रविवारचा_वर्ग

ध्वज सगळ्यांना आवडला. एक शेवटचं: ठोक्यानंतर दोन फ्रेम टिपऱ्याचं टोक पडद्याच्या आरपार जातंय. हाताची की बरोबर १३ लाच आहे, तपासली.

टिपरू_२४

हात बरोबर आहे, मनगट चुकतंय. मागे ओढण्यासाठी तुम्ही मनगटाच्या सगळ्याच की दोन फ्रेम पुढे सरकवल्या असणार. त्यामुळे हात १३ ला थांबतो आणि मनगट १५ पर्यंत आत वळत राहतं. ठोक्याच्या मनगटाच्या की परत १३, २५ वर आणा आणि बाहेर जातानाच्या तेवढ्याच उशिरा ठेवा. तरी एखादा मिलिमीटर घुसला तर १४ ला मनगटाची एक की टाकून टोक पडद्याच्या बाहेर काढा.